एकच डिमर बल्बला, एलईडीला आणि पंख्याला का चालत नाही

प्रश्न थोडक्यात असा: आर्डुइनो उनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एमओसी३०२१ ऑप्टो (मेन्सपासून वेगळं राहून प्रकाशाने इशारा पोचवणारी चिप) आणि बीटी१३६ ट्रायॅक (एसीचा इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरून डिमर बनवला. फिलामेंटच्या बल्बवर तो झकास चालतो. त्याच जागी एलईडी बल्ब लावला की लुकलुकतो आणि बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. छताचा पंखा जोडला तर मधल्या वेगाला घूं घूं करतो, अधूनमधून गचके देतो. आता हेच सर्किट वायफायवाल्या ईएसपी३२ बोर्डावर नेऊन स्विचबोर्डाच्या डब्यात बसवायचं आहे, तर कोडमध्ये काय बदलावं?

कोडमध्ये फार काही बदलू नका. तुमचं सर्किट चुकलेलं नाही. ते फिलामेंटच्या बल्बसाठी असतं आणि बल्बवर ते नीट चालतंय. एकाच औषधाने तीन वेगळी दुखणी बरी करायला तुम्ही निघाला आहात, घोळ तिथे आहे. या सगळ्या मांडणीत मायक्रोकंट्रोलर हा सांगकाम्या आहे, ठरलेल्या वेळी पिन वर-खाली करतो आणि गप्प बसतो. खरं भांडण ट्रायॅक आणि त्याच्यापुढे जोडलेला भार, म्हणजे बल्ब किंवा पंखा, यांच्यात असतं. त्यामुळे आधी भार कोणता ते ठरवायचं आणि त्याप्रमाणे सर्किट निवडायचं.

जे चालतंय ते का चालतंय, ते आधी पाहू. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात दर १० मिलीसेकंदांनी व्होल्टेज शून्यातून जातं (६० हर्ट्झ असेल तर ८.३३ मिलीसेकंदांनी). ट्रायॅकच्या गेटला (चालू करायच्या पायाला) एक ठोका दिला की तो चालू होतो आणि करंट शून्यावर येईपर्यंत चालूच राहतो. मध्येच बंद करायची सोय त्याच्यात नाही. म्हणून आपण प्रत्येक शून्यानंतर थोडं थांबतो आणि मग ठोका देतो. जितकं जास्त थांबू, तितका उजेड कमी.

बहुतेक जण इथे सरळ त्रैराशिक मांडतात: १०० टक्क्यांना ० मिलीसेकंद, ० टक्क्यांना १०, मधलं सगळं प्रमाणात. मग तक्रार येते की नॉब सुरुवातीला फिरवला तर काहीच होत नाही आणि मधे मात्र उजेड धाडकन उतरतो. कारण साइन वेव्हच्या दोन्ही टोकांना ताकदच नसते. शुद्ध रेझिस्टिव्ह भार धरला आणि १ मिलीसेकंद थांबून ठोका दिला, तर पॉवर एक टक्कासुद्धा कमी होत नाही. २.५ मिलीसेकंदांना अजून ९१ टक्के पॉवर शिल्लक असते, ५ ला बरोबर ५० आणि ७.५ ला फक्त ९. म्हणजे सगळी गंमत मधल्या ५ मिलीसेकंदांत आहे. चिपमध्ये सूत्र सोडवत बसू नका, एक छोटा तक्ता ठेवा: ९० टक्क्यांना साधारण २.६ मिलीसेकंद, ७५ ला ३.७, ५० ला ५, २५ ला ६.३, १० ला ७.४, आणि मधले आकडे त्यांच्यातून काढा. फिलामेंटसाठी हा तक्ता असाच पुरतो. फिलामेंटचा उजेड पॉवरपेक्षा जास्त वेगाने उतरतो आणि आपला डोळा मंद उजेडातला फरक जास्त टिपतो, त्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. एलईडीला ही सवलत नाही, तिथे खालच्या टोकाला तक्ता आणखी ताणावा लागतो.

आता झिरो क्रॉसिंग, म्हणजे व्होल्टेज शून्यातून जाण्याचा क्षण ओळखणं. ब्रिज (एसीला एकाच दिशेला वळवणारे चार डायोड), दोन ४७ किलोओहमचे रेझिस्टर आणि पीसी८१७ ऑप्टो हे नेहमीचं सर्किट तुम्हीही घेतलेलं दिसतंय. ते झिरोचा क्षण सांगतं असा सर्वांचा समज असतो, पण तसं नाही. व्होल्टेज साधारण ५० व्होल्टच्या खाली आलं की ऑप्टोच्या एलईडीला पुरेसा करंट मिळत नाही, त्याचा ट्रान्झिस्टर सुटतो आणि तुमची पिन वर जाते. शून्य ओलांडून व्होल्टेज पुन्हा तितकं वाढलं की पिन खाली येते. म्हणजे तुम्हाला साधारण १ मिलीसेकंद रुंदीचा पल्स मिळतो आणि खरा शून्य त्याच्या मध्यावर असतो. तुम्ही इंटरप्ट (पिन बदलताच चिपला हातचं काम सोडायला लावणारा इशारा) पल्सच्या वर जाणाऱ्या कडेवर घेतला असेल, तर तुमचा ‘शून्य’ खऱ्या शून्याच्या जवळपास अर्धा मिलीसेकंद आधी येतो. याचा परिणाम मजेशीर असतो. पूर्ण उजेडासाठी तुम्ही कडेनंतर ०.२ मिलीसेकंदांनी ठोका देता, ट्रायॅक मागच्याच अर्धचक्राच्या शेपटीत पेटतो, लगेच शून्य येतं, तो विझतो आणि पुढचं अख्खं अर्धचक्र कोराच जातं. ९५ टक्क्यांना लख्ख असलेला बल्ब १०० टक्क्यांना थरथरतो किंवा बंदच पडतो. असं दिसलं की कोडमध्ये दुसरं काही शोधू नका. दोन्ही कडांवर इंटरप्ट घ्या, पल्सची रुंदी मोजा, निम्मी रुंदी पुढे ढकला. मेन्सचं व्होल्टेज उतरलं की ही रुंदी वाढते, म्हणून एकदा मोजून आकडा कोरून ठेवण्यापेक्षा ती चालू असतानाच मोजत राहणं बरं.

हे दोन रेझिस्टरसुद्धा नीट घ्या. २३० व्होल्टवर दोघांत मिळून अर्ध्या वॉटच्या थोडी वर उष्णता निघते, आणि शिखराला ३२५ व्होल्ट त्यांच्यावर पडतात. पाव वॉटचा एकच रेझिस्टर लावला तर तो तापतो आणि त्याचं व्होल्टेज रेटिंगही अपुरं पडतं. दोन सिरीजमध्ये, प्रत्येकी अर्धा किंवा एक वॉट. इथे काटकसर करू नका.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे अगदी मंद उजेडाला, उलटा धोका असतो. साडेनऊ मिलीसेकंदांना दिलेला ठोका जरा लांबला की शून्य ओलांडून पुढच्या अर्धचक्रात पडतो, आणि मग ते अर्धचक्र सुरुवातीपासून पूर्ण पेटतं. मंद दिवा मधूनच लख्ख चमकतो तो यामुळे. खऱ्या शून्यापासून ९ मिलीसेकंदांच्या पुढे ठोका द्यायचाच नाही असा नियम करा. त्याखाली हवं असेल तर सरळ बंद करा.

ऑप्टोबद्दल थोडक्यात. एमओसी३०२१ ऐवजी कोणी एमओसी३०४१ किंवा ३०६३ दिला तर तो डिमरला चालत नाही. त्यांच्या पोटातच झिरो क्रॉसिंगची अट आहे, ते फक्त चालू-बंदसाठी. डिमरला ‘रँडम फेज’, म्हणजे हव्या त्या क्षणी पेटणारी, जात लागते. ३०२१ ची सहनशक्ती ४०० व्होल्टची. २३० व्होल्टच्या लाइनचं शिखरच ३२५, त्यावर एखादा झटका आला की तो आपोआप पेटतो. मी गेली कित्येक वर्षं ६०० व्होल्टचा ३०५२ किंवा ३०५३ लावतो. ईएसपी३२ साठी तर ३०५३च घ्या, कारण त्याच्या एलईडीला ५ मिलीअँपिअर पुरतात आणि ३.३ व्होल्टवर ३३० ओहमचा रेझिस्टर लावला की साधारण ६ मिलीअँपिअर मिळतात. ३०२१ ला १५ लागतात. ते तुम्ही उनोच्या ५ व्होल्टवर आरामात देत होता, ३.३ व्होल्टवर तोच २२० ओहम ठेवलात तर जेमतेम साडेनऊ मिळतील. मग कधी पेटेल, कधी नाही, आणि तुम्ही कोड तपासत बसाल. आणखी एक: ऑप्टो आणि गेटमधला १८० ओहमचा रेझिस्टर जो सगळीकडच्या आकृत्यांत दिसतो, तो ११५ व्होल्टच्या सर्किटमधून उचललेला आहे. ऑप्टोची १ अँपिअरची मर्यादा धरली तर २३० व्होल्टला तो ३३० किंवा ३६० ओहम हवा.

आता एलईडी. एलईडी बल्बच्या टोपीत एक छोटा ड्रायव्हर असतो. तो आलेला एसी आधी डीसी करतो, कॅपॅसिटरमध्ये साठवतो आणि आतल्या एलईडींना ठरलेला करंट देत राहतो. तुम्ही वेव्ह कापली तर तो आपल्या परीने ती कसर भरून काढायला बघतो, आणि जमलं नाही की बंद पडून पुन्हा सुरू होतो. खोक्यावर डिमेबल लिहिलेलं नसेल तर तो बल्ब डिमरवर लावूच नका. लुकलुकणं सोडा, आतला कॅपॅसिटर दर अर्धचक्राला एकदम भरताना जो करंटचा फटका बसतो, त्याने ड्रायव्हरचं आयुष्य घटतं.

डिमेबल बल्ब असला तरी ट्रायॅकची अडचण राहतेच. पेटलेला ट्रायॅक टिकून राहायला काही मिलीअँपिअर सतत वाहावे लागतात, त्याला होल्डिंग करंट म्हणतात. ६० वॉटच्या बल्बमधून पाव अँपिअर वाहतो, तिथे प्रश्नच येत नाही. ९ वॉटच्या एलईडीतून सरासरी चाळीस-पन्नास मिलीअँपिअर, आणि तेही सलग नाहीत, शिखराजवळ एक उसळी आणि मग जवळजवळ काही नाही. ट्रायॅक मध्येच सुटतो, दर वेळी थोड्या वेगळ्या क्षणी सुटतो, आणि ते डोळ्याला लुकलुक म्हणून दिसतं. पाच-सहा बल्ब एकाच डिमरवर असतील तर हे बरंचसं निवळतं, एकट्या बल्बला जास्त त्रास.

बंद केल्यावर मिणमिणणं हा तर थेट तुमच्या स्नबरचा (व्होल्टेजचे झटके शोषणाऱ्या रेझिस्टर-कॅपॅसिटरच्या जोडीचा) प्रताप आहे. ट्रायॅकच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड लावलेत ना? ५० हर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे ३२ किलोओहम. २३० व्होल्टवर त्यातून ७ मिलीअँपिअर सतत झिरपतात, ट्रायॅक बंद असला तरी. फिलामेंटला ते जाणवतही नाहीत. एलईडी बल्बचा कॅपॅसिटर मात्र त्यावर हळूहळू भरतो, ड्रायव्हर जागा होतो, एकदा चमकतो, चार्ज संपतो, झोपतो. परत पहिल्यापासून. स्नबर ०.०१ मायक्रोफॅरडवर आणला तर गळती ०.७ मिलीअँपिअर होते आणि बऱ्याच बल्बांना ती चालते. नाहीच चाललं तर डिमरच्या मागे एक रिले टाका आणि ‘बंद’ म्हणजे खरोखर तार तुटेल असं करा.

एलईडीसाठी योग्य रस्ता म्हणजे उलट बाजूने कापणं: शून्यावर चालू करायचं आणि हव्या त्या क्षणी बंद करायचं. ट्रायॅकला हे जमत नाही, म्हणून दोन एन-चॅनल मॉसफेट ट्रान्झिस्टर सोर्सला सोर्स जोडून लावतात. गेटला व्होल्टेज आहे तोवर ते चालू, त्यामुळे होल्डिंग करंटची कटकट नाही. व्होल्टेज शून्यापासून सावकाश चढत असल्याने ड्रायव्हरच्या कॅपॅसिटरला फटकाही बसत नाही. अडचण अशी की त्यांच्या गेटला मेन्सवर तरंगणारा १० ते १२ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो, आणि बल्ब शॉर्ट झाला तर फ्यूज उडायच्या आधी मॉसफेट उडतो. पहिलाच डिमर करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. खोलीतला उजेड कमी-जास्त करणं एवढाच हेतू असेल, तर २४ व्होल्टची एलईडी पट्टी, तयार पॉवर सप्लाय आणि एक लॉजिक-लेव्हल (मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरच चालणारा) मॉसफेट घ्या. पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद करून उजेड ठरवणं) १ किलोहर्ट्झच्या वर ठेवा. मेन्सला हात लागत नाही आणि उजेड अगदी एका टक्क्यापर्यंत लोण्यासारखा उतरतो. माझ्या स्वतःच्या घरात आता सगळीकडे हेच आहे, ट्रायॅक डिमर फक्त कामाच्या टेबलावर उरलाय.

पंख्याकडे येऊ, कारण खरा कस तिथे लागतो.

पंख्याची वाइंडिंग म्हणजे इंडक्टर, करंट एकदम बदलू न देणारी तारेची गुंडाळी. तिथे करंट आणि व्होल्टेज एकाच क्षणी शून्यावर येत नाहीत. ट्रायॅक करंट शून्यावर आल्यावर सुटतो, आणि त्या क्षणी लाइनचं व्होल्टेज भलतंच वर असतं. ते सगळं एका झटक्यात ट्रायॅकवर येऊन आदळतं. साधा बीटी१३६ त्या झटक्यानेच पुन्हा पेटतो, गेटला ठोका नसताना. कोड म्हणतो वेग दोन, पंखा फिरतो पाचवर. स्नबर लागतो तो इथे. किंवा बीटीए१६-६००बीडब्ल्यू सारखा ‘स्नबरलेस’ ट्रायॅक घ्या, तो हे झटके बराच सोसतो.

दुसरी भानगड ठोक्याच्या लांबीची. बल्बला ५० मायक्रोसेकंदांचा ठोका पुष्कळ झाला, कारण करंट लगेच चढतो. वाइंडिंगमध्ये करंट हळूहळू चढतो. ठोका संपेपर्यंत तो ट्रायॅकला पकड घेण्याइतका वाढलाच नाही, तर ट्रायॅक पेटून लगेच विझतो. आणि वेग जास्त ठेवला असेल तर उलटं होऊ शकतं: मागच्या अर्धचक्राचा करंट अजून वाहतोय तोवरच तुमचा ठोका येऊन जातो, ट्रायॅक तर आधीच चालू, मग तो सुटतो आणि पुढचं अर्धचक्र रिकामं जातं. सलग असं झालं की पंख्याला फक्त वरची किंवा फक्त खालची अर्धचक्रं मिळतात, म्हणजे चक्क डीसी. गचके, जोरात घरघर आणि काही मिनिटांत तापलेली मोटर. तुमचे ‘अधूनमधून गचके’ मला याच जातीचे वाटतात. उपाय सोपा आहे: एकच ठोका देऊन थांबू नका. ठरलेल्या क्षणापासून ९ मिलीसेकंदांपर्यंत गेट धरून ठेवा, किंवा दर अर्ध्या मिलीसेकंदाने छोटे ठोके देत राहा. म्हणजे करंट केव्हाही शून्यावर येवो, पुढचा ठोका तयार असतो.

हे सगळं केल्यावर गचके जातील. घूं घूं मात्र जाणार नाही, आणि कोडने ती घालवता येईल या भ्रमात राहू नका. कापलेल्या वेव्हमधून मोटरला सेकंदाला शंभर धक्के बसतात, पत्रा आणि वाइंडिंग त्याच तालावर थरथरतात. दिवसा कळत नाही, रात्री सगळं शांत झालं की झोपेची वाट लागते. ट्रायॅकवर पंखा चालवणारे बहुतेक जण महिन्याभरात पूर्ण वेगावरच चालवू लागतात.

म्हणून पंख्याला माझा सरळ सल्ला: डिमर करूच नका, कॅपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर करा. तयार मिळणाऱ्या चार-पाच पायऱ्यांच्या गोल रेग्युलेटरच्या पोटात नेमकं हेच असतं. पंख्याच्या सिरीजमध्ये एसी कॅपॅसिटर टाकला की त्यावर काही व्होल्टेज पडतं, उरलेल्यावर पंखा फिरतो. वेव्ह साइनच राहते, त्यामुळे आवाज नाही, आणि कॅपॅसिटर असल्याने उष्णताही नगण्य. २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरड असे दोन कॅपॅसिटर आणि तीन रिले घेतले की चार वेग मिळतात: फक्त २.२, फक्त ३.३, दोन्ही मिळून ५.५, आणि थेट. कॅपॅसिटर किमान २५० व्होल्ट एसी लिहिलेले मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचेच हवेत. ‘४०० व्होल्ट’ एवढंच लिहिलेला बहुधा डीसीचा असतो, आणि इलेक्ट्रोलिटिक तर फुटतोच. पंख्याच्या डोक्यात बसलेला स्टार्टिंगचा कॅपॅसिटर वेगळा, त्याला हात लावायचा नाही.

इथे रिले चिकटण्याचा अनुभव बहुतेकांना येतो. भरलेल्या २.२ च्या समांतर रिकामा ३.३ एकदम जोडला की कॉन्टॅक्टवर ठिणगी उडते, कारण दोन कॅपॅसिटरांमध्ये करंट अडवणारं काहीच नसतं. थेट वेगाचा रिले कॅपॅसिटरचे रिले उघडायच्या आधी लागला, तर भरलेले कॅपॅसिटर सरळ शॉर्ट होतात. माझा पहिला बोर्ड असाच गेला: दोन आठवड्यांनी पंखा पूर्ण वेगावरून खाली येईना. रिले उघडून पाहिला तर दोन्ही कॉन्टॅक्ट एकजीव झालेले. तेव्हापासून प्रत्येक कॅपॅसिटरच्या सिरीजमध्ये १० ओहमचा दोन वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि समांतर २२० किलोओहम अर्ध्या वॉटचा, म्हणजे बंद केल्यावर दोन-तीन सेकंदांत चार्ज उतरतो. कोडमध्ये एकच नियम: वेग बदलताना आधी तिन्ही रिले उघडा, पाव सेकंद थांबा, मग हवे ते लावा. थांबलेला पंखा कमी वेगावर सुरू करायचा असेल तर आधी दोन सेकंद थेट द्या आणि मग खाली आणा. जुना पंखा २.२ वर नुसता गुरगुरत उभा राहतो.

रिले पडताना पंख्याची वाइंडिंग जो झटका मागे फेकते, त्याने ईएसपी रीसेट होतो हेही गृहीत धरा. पंख्याच्या टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, रिलेच्या कॉइलवर डायोड, आणि मेन्सच्या तारा बोर्डाच्या एकाच बाजूला. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा असेल तर मात्र यातलं काहीही लावू नका. त्याच्या आत स्वतःचा ड्रायव्हर आहे, त्याला पूर्ण व्होल्टेज हवं आणि वेग त्याच्या रिमोटच्या भाषेतच सांगायचा.

ईएसपी३२ वर जाताना काय बदलतं? उनोवर तुम्ही बहुधा इंटरप्टमध्येच थांबून वेळ काढत होता. ते उनोवरही वाईटच होतं. त्याचा टायमर-१ आठच्या प्रीस्केलरवर (घड्याळाला आठने भागून) अर्ध्या मायक्रोसेकंदाचा टिक देतो, १० मिलीसेकंद म्हणजे २०,००० टिक, १६ बिटांत आरामात बसतात. शून्याला टायमर पुसायचा, तो ठरलेल्या आकड्याला (कंपेअरला) पोचला की गेट लावायचं, बस. ईएसपी३२ वर वायफाय चालू असताना इंटरप्टमध्ये थांबलात तर चिप रीसेट होऊ शकते, आणि मुख्य लूपमध्ये वेळ मोजलीत तर दिवा थरथरेल. हार्डवेअर टायमर वापरा आणि इंटरप्टची फंक्शनं आयरॅममध्ये (फ्लॅशऐवजी चिपच्या आतल्या रॅममध्ये) ठेवा. तरीसुद्धा सेटिंग फ्लॅशमध्ये साठवताना एखादा लुकलुकाट दिसू शकतो, कारण त्या वेळी फ्लॅशचा कॅशे बंद असतो. म्हणून प्रत्येक नॉबहालचालीला फ्लॅशमध्ये लिहू नका, हात थांबल्यावर पाच सेकंदांनी एकदाच लिहा. झिरो क्रॉसिंगला ३४ ते ३९ मधली पिन चालते, पण त्यांना आतला पुल-अप (पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर) नाही, बाहेरून १० किलोओहम लावावा लागतो. रिले आणि गेटला ०, २, १२, १५ या पिना देऊ नका. चिप सुरू होताना त्या पिना तिच्या स्वतःच्या कामात असतात, आणि वीज आल्याआल्या पंखा एक झटका घेतो. मला विचाराल तर गेट मारायचं काम एका एटीटायनी८५ या छोट्या मायक्रोकंट्रोलरला द्या आणि ईएसपीने त्याला सीरियलवर फक्त टक्के सांगावेत. वायफाय अडकलं तरी दिवा जागचा हलत नाही.

इंटरप्टला गाळणीही लावा. शेजारची मोटर सुरू झाली की खोटे झिरो येतात. शेवटच्या झिरोनंतर ८ मिलीसेकंदांच्या आत आलेला (६० हर्ट्झला साडेसहाच्या आत) सरळ सोडून द्या. आणि १० मिलीसेकंद हा आकडा कोडमध्ये कोरू नका, मागच्या काही अर्धचक्रांची सरासरी घ्या.

आता डबा. पेटलेल्या ट्रायॅकवर सव्वा ते दीड व्होल्ट पडतं, म्हणजे एका अँपिअरला साधारण १.३ वॉट उष्णता. हीटसिंकशिवाय टीओ-२२० पॅकेज (ट्रायॅकचं हे धातूच्या कानाचं आवरण) वॉटमागे सुमारे ६० अंशांनी तापतं. बंद डब्यात आधीच ४० अंश असतील तर आतला जंक्शन (सिलिकॉनचा तुकडा) ११८ वर जातो, आणि मर्यादा १२५ ची. टेबलावर उघड्यावर तासभर नीट चाललेला डिमर भिंतीत गेल्यावर का मरतो, त्याचं उत्तर हे. अर्ध्या अँपिअरच्या वर हीटसिंक लावाच. बीटी१३६ चा धातूचा कान आतून एमटी२ ला (ट्रायॅकच्या एमटी१, एमटी२ या दोन मुख्य टोकांपैकी एकाला), म्हणजे मेन्सलाच जोडलेला असतो. हीटसिंकला बोट लावलं तर शॉक. बीटीए मालिकेत कान आतूनच वेगळा ठेवलेला असतो, डब्यात बसवायचं तर तीच घ्या. ५ व्होल्टसाठी एचएलके-पीएम०१ सारखं आयसोलेटेड मॉड्यूल वापरा, त्याच्या आधी फ्यूज आणि फ्यूजनंतर २७५ व्होल्ट एसीचा एमओव्ही (व्होल्टेजचे झटके गिळणारा भाग). ऑप्टोच्या दोन बाजूंमध्ये बोर्डावर ६ ते ८ मिलीमीटर मोकळी जागा ठेवा, खालून एकही ट्रॅक नेऊ नका, जमलं तर खाच कापा. आणि ट्रायॅक खराब होतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच, म्हणजे दिवा पूर्ण चालू राहतो. डिमर हा स्विच नव्हे. त्याच्या आधी फेजवर खटक्याचा साधा स्विच राहू द्या, आणि बल्ब बदलताना तोच बंद करा.

मेन्स कधीही ब्रेडबोर्डवर आणू नका. मेन्सला जोडलेलं असताना यूएसबीची तार लॅपटॉपला लावू नका, आयसोलेशनची खात्री असली तरी पहिल्या दिवशी तर नाहीच. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप एमटी१ ला लावायचा मोह मला एकदा झाला. क्लिप आतून अर्थला, एमटी१ फेजला. आवाज झाला, क्लिपचा दात वितळला, बोर्डावरचा ट्रॅक धुरात गेला आणि त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही. वेव्ह बघायचीच असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरन्शियल प्रोब.

नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करताना फेजमध्ये १०० वॉटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये टाका. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, बोर्ड वाचेल. आणि घरी इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर काय होतं तेही एकदा पाहून घ्या. स्क्वेअर वेव्ह देणाऱ्या इन्व्हर्टरवर व्होल्टेज शून्यावर काही काळ सपाट बसतं, तुमचा १ मिलीसेकंदाचा पल्स तीन-चार मिलीसेकंदांचा होतो आणि डिमर वेड्यासारखा वागतो. पल्स २ मिलीसेकंदांहून रुंद दिसला की डिमिंग सोडून गेट सतत धरून ठेवायचं, दिवा पूर्ण चालू, एवढी एक ओळ कोडमध्ये घाला.